हेडलाइटला घाम का फुटतो? पावसाळ्यातली गाडी, काचेतली वाफ आणि अंधारातला रस्ता

(भागाचं लिखित रूप. बोलण्यातली पुनरुक्ती थोडी कापली आहे, बाकी जसं बोललं गेलं तसंच ठेवलं आहे.)

छत्री, रेनकोट, मोबाइलला प्लास्टिकची पिशवी, सगळं जागेवर आहे ना? मग आज आपण त्या वस्तूबद्दल बोलू, जिला रेनकोट नसतो. तुमच्या गाडीचा हेडलाइट.

गेल्या काही दिवसांत एकाच प्रकारचे बरेच मेसेज आले. कुणी फोटो पाठवलाय, कुणी व्हॉइस नोट. सगळ्यांचा सूर एकच: "हेडलाइटच्या आतून धुकं धरतंय. बाहेरून पुसलं तरी जात नाही. मेकॅनिक म्हणतो पाणी गेलंय, अख्खा लाइट बदला. सर्व्हिस सेंटरवाले म्हणतात नॉर्मल आहे, आपोआप जाईल. खरं कुणाचं?"

गंमत अशी की दोघांचंही खरं असू शकतं. तुमच्या गाडीच्या बाबतीत कुणाचं खरं आहे, हे तुम्हाला स्वतःला दहा मिनिटांत कळू शकतं. आजचा भाग त्यासाठीच.

खडवलीचंच उदाहरण का घेतोय

यातले दोन-तीन मेसेज खडवलीचे होते. कल्याणहून कसाऱ्याकडे जाताना टिटवाळा झालं की खडवली, त्यापुढे वासिंद. भातसा नदीच्या काठचं गाव. मुंबईकरांना खडवली माहीत असते ती पावसाळ्यातल्या नदीवरच्या गर्दीमुळे. पण तिथं राहणाऱ्यांचं रोजचं गणित वेगळं आहे. सकाळी अंधारात बाइक काढायची, स्टेशनजवळ लावायची, लोकल पकडून कल्याण, ठाणे, नाहीतर थेट मुंबई गाठायची. रात्री परत. कल्याणच्या पुढे गाड्या कमी, एक चुकली की बसा वाट बघत. म्हणजे बाइक दिवसाचे बारा-चौदा तास उघड्यावर, पावसात, एकाच जागी उभी.

रात्री लोकलमधून उतरून तुम्ही गाडी सुरू करता. आसपासच्या गावांकडे नाहीतर पडघ्याच्या दिशेनं निघालात की स्टेशनजवळचे दिवे पाच मिनिटांत मागे पडतात. दोन्ही बाजूंना शेत, झाडी, मधेच खड्डा, मधेच बसलेलं गुरू, मधेच काळा रेनकोट घालून रस्त्याच्या कडेनं चालणारा माणूस. आणि नेमकं तेव्हाच हेडलाइटच्या काचेला आतून घाम फुटलेला असतो. उजेड आहे, पण दुधात मिसळल्यासारखा.

याला क्षुल्लक समजू नका. एक हिशोब करू. ताशी ४० किलोमीटर म्हणजे सेकंदाला साधारण ११ मीटर. पुढे काहीतरी दिसलं, मेंदूला कळलं, हात ब्रेकवर गेला, यात दीड सेकंद सहज जातो. तेवढ्यात गाडी १६-१७ मीटर पुढे गेली. ओल्या रस्त्यावर नीट ब्रेक लागले तरी थांबायला आणखी १५ मीटर. म्हणजे एकूण ३२ मीटर. आता समजा, चांगल्या हेडलाइटमध्ये तुम्हाला ४० मीटरवरचा माणूस दिसत होता, तर तुम्ही वाचलात, तोही वाचला. काचेतल्या धुक्यामुळे तोच माणूस २५ मीटरवर दिसला, तर ब्रेक कितीही चांगले असले तरी उपयोग नाही. तुमची नजर चांगली आहे, तुम्ही प्यायलेला नाहीत, वेगही जास्त नाही. तरीही.

दुसरी गोष्ट, काचेवरचे थेंब उजेड नुसता अडवत नाहीत, तो भलतीकडे फेकतात. लो बीमचा उजेड खाली रस्त्यावर पडायला हवा. थेंबांमुळे त्यातला थोडा वर जातो आणि समोरून येणाऱ्याच्या डोळ्यांत घुसतो. म्हणजे तुम्हाला कमी दिसतं, आणि समोरच्यालाही.

आधी हे समजून घ्या: हेडलाइट बंद डबा नाही

बहुतेकांना वाटतं की हेडलाइट म्हणजे हवाबंद डबा. आत वाफ दिसली म्हणजे डबा फुटला. तसं नाहीये. हेडलाइट श्वास घेतो, आणि तो घ्यावा अशीच त्याची रचना असते.

का? कारण दिवा लागला की आतली हवा तापते. तापली की पसरते. समजा, आतली हवा ३० अंशांवरून ८० अंशांवर गेली. तर तिचं आकारमान साधारण एक षष्ठांशानं वाढतं. डबा खरंच हवाबंद असता तर हा दाब रोज काचेच्या आणि मागच्या बॉडीच्या जोडावर बसला असता, आणि एक दिवस जोड उकलला असता. म्हणून कंपन्या मागच्या बाजूला बारीक वाट ठेवतात. कुठे खाली वळलेली रबरी नळी असते, कुठे छोटी टोपी, कुठे स्पंजचा तुकडा. नव्या गाड्यांमध्ये एक पातळ पापुद्रा असतो, ज्यातून हवा आणि वाफ जाते पण पाण्याचा थेंब जात नाही. हा पापुद्रा ज्या पदार्थाचा असतो तो बॉब गोर या अमेरिकन माणसाला १९६९ मध्ये टेफ्लॉन झटकन ताणताना सापडला. महागड्या ट्रेकिंग जॅकेटमध्ये तोच असतो. म्हणजे मघाशी मी म्हटलं हेडलाइटला रेनकोट नसतो, ते अर्धंच खरं आहे. काही हेडलाइटना नाकापुरता रेनकोट असतो!

या वाटेला मेकॅनिक लोक ब्रीदर म्हणतात. हा शब्द लक्षात ठेवा, पुढे लागेल.

आता श्वासाचं चक्र बघा. दिवा लागला, हवा तापली, थोडी बाहेर गेली. दिवा बंद झाला, हवा थंड झाली, आकसली, बाहेरची हवा आत ओढली गेली. आणि जुलैत खडवलीत बाहेरची हवा कशी असते? ओल्या टॉवेलसारखी. ती ओल आत गेली. मग पाऊस आला, काच बाहेरून गार पडली. आतल्या दमट हवेतली वाफ त्या गार काचेवर जमली. थंड पाण्याच्या ग्लासला बाहेरून जसं पाणी सुटतं, तसंच. फक्त इथे आतून.

पावसाळाच लागतो असंही नाही. डिसेंबर-जानेवारीत नदीकाठी पहाटे चांगलाच गारठा असतो, दव पडतं. तेव्हाही सकाळी काच धुरकट दिसते आणि ऊन आलं की जाते. तेही हेच.

दीड थेंबाचं गणित

आता आजच्या भागातला सगळ्यात कामाचा मुद्दा. इथे जरा कान द्या.

३० अंशांच्या पूर्ण दमट हवेत, एका घनमीटरला साधारण ३० ग्रॅम वाफ असते. २५ अंशांना साधारण २३ ग्रॅम मावते. म्हणजे हवा ३० वरून २५ वर आली की घनमीटरला ७ ग्रॅम पाणी बाहेर पडणार.

कारचा हेडलाइट आतून किती मोठा? धरून चाला १० लिटर, म्हणजे घनमीटरचा शंभरावा भाग. ७ ग्रॅमचा शंभरावा भाग किती? ०.०७ ग्रॅम. औषधाच्या ड्रॉपरनं मोजलं तर दीड थेंब! बाइकचा हेडलाइट ३ लिटरचा धरला तर अर्धा थेंबही नाही.

बरं, आतली झाडून सगळी वाफ पाणी झाली असं धरलं, तरी कारच्या हेडलाइटमध्ये सहा थेंब होतात, बाइकच्या हेडलाइटमध्ये दोन. प्लास्टिकही थोडी ओल धरून ठेवतं, शिवाय रोजच्या श्वासानं थोडी भर पडते, तीही धरा. तरी मामला काही थेंबांचाच.

याचा अर्थ काय? हवेतल्या ओलीमुळे काचेवर बारीक धुकं येऊ शकतं, फार तर एखाद-दुसरा ओघळ. पण हेडलाइटच्या तळाशी पाणी साचलंय, वळणावर गाडी झुकली की डुचमळतंय, चहाचा चमचाभर आहे, तर ते हवेतून आलेलं नाही. चमचाभर म्हणजे शंभर थेंब. ते पाणी भोकातून, भेगेतून किंवा उघड्या राहिलेल्या झाकणातून, सरळ पाणी म्हणूनच आत आलंय.

म्हणून सर्व्हिस सेंटरचं "नॉर्मल आहे" धुक्याच्या बाबतीत बरोबर. बहुतेक गाड्यांबरोबर मिळणाऱ्या पुस्तिकेतही लिहिलेलं असतं की थोडं बाष्प धरणं साहजिक आहे, दिवा लावल्यावर ते जातं. पण साचलेल्या पाण्याला कुणी नॉर्मल म्हणालं तर ऐकून घेऊ नका.

दहा मिनिटांची तपासणी

मोबाइल हातात घ्या, कामाला लागू.

पहिलं, फोटो. हेडलाइटच्या काचेचा जवळून एक फोटो. वेळ फोटोत नोंदली जातेच. धुकं आहे, थेंब आहेत की पाणी साचलंय, ते नीट दिसू द्या.

दुसरं, दिवा लावून ठेवा. कार असेल तर इंजिन चालू ठेवा, नाहीतर धुकं जाईल आणि बॅटरीही! आणि हे उघड्यावर करा, बंद गॅरेजमध्ये इंजिन चालू ठेवू नका. बाइक असेल तर सरळ एक फेरी मारून या. १ एप्रिल २०१७ पासूनच्या नव्या दुचाकींचा हेडलाइट इंजिनबरोबर आपोआप लागतोच. २०-३० मिनिटांनी त्याच जागेवरून दुसरा फोटो.

हॅलोजन बल्ब असेल तर एवढ्या वेळात धुकं बरंचसं गेलेलं दिसेल. आधी बल्बच्या समोरचा भाग साफ होतो, मग कडा. एलईडी असेल तर वेळ लागतो, कधी कधी बराच. कारण हॅलोजन आपली उष्णता उजेडाबरोबर पुढे काचेकडे फेकतो. एलईडीची उष्णता मागच्या धातूच्या पंख्यांतून मागेच जाते, काच गारच राहते. म्हणून "माझ्या जुन्या गाडीचं धुकं लगेच जायचं, नवीन गाडी महाग असून जात नाही" ही तक्रार बऱ्याचदा ऐकू येते. गाडी वाईट नाही, दिव्याची जात वेगळी आहे.

तिसरं, दोन्ही बाजू ताडून बघा. कारचे दोन हेडलाइट एकाच पावसात उभे होते. दोन्हीकडे सारखं धुकं असेल तर हवेचा खेळ. एकीकडे स्वच्छ आणि दुसरीकडे थेंब, तर त्या दुसऱ्या बाजूला काहीतरी बिघडलंय.

चौथं, मागचा दिवा आणि इंडिकेटर विसरू नका. हेडलाइट निदान आपल्या डोळ्यांसमोर असतो. मागच्या दिव्यात पाणी जाऊन तो बंद पडला तर आपल्याला कळतच नाही, मागून येणाऱ्या ट्रकवाल्याला कळतं. कारमध्ये बंपरमधले फॉग लॅम्पही बघा. ते सगळ्यात खाली, रस्त्यावरचं पाणी आधी त्यांनाच लागतं.

पाणी येतं कुठून?

आता धरून चालू की पाणी खरंच आत येतंय. संशयित किती? पाच.

पहिला संशयित, मागचं झाकण. बल्ब बदलला की बल्बच्या मागचं रबर किंवा प्लास्टिकचं झाकण नीट बसलं पाहिजे. कारमध्ये ते फिरवून बसतं, बाइकमध्ये रबरी टोपी ओढून बसवतात. बऱ्याच टोप्यांवर 'टॉप' असं लिहिलेलं असतं, ती बाजू वर. घाईत उलटी बसवली, एक कड दुमडली, की पाण्याला दार उघडं.

दुसरा संशयित, बाजारातून आणून बसवलेला एलईडी. हल्ली हे फार. हॅलोजन काढून त्या जागी एलईडी बल्ब बसवतात, ज्याच्या मागे पंखा असतो. त्या पंख्यामुळे मूळ झाकण बसतच नाही. मग कुणी झाकणाला भोक पाडतं, कुणी झाकणच काढून टाकतं. वर समजूत अशी की आपण उजेड वाढवला. पहिल्या पावसात आत पाणी, धूळ, आणि तो उजेड समोरच्याच्या डोळ्यांत. कारण तो रिफ्लेक्टर हॅलोजनच्या तारेसाठी घडवलेला असतो. उजेड थोडा जरी चुकीच्या जागेवरून निघाला तरी सगळं चित्र बिघडतं.

तिसरा संशयित, ब्रीदर. नळी निखळली असेल, किंवा चिखलानं बुजली असेल. गावाकडे गाडी उभी असेल तर कुंभारीण माशी अशा बारीक नळीत मातीचं घर करून ठेवते. बुजलेल्या ब्रीदरमुळे दोन त्रास होतात. आत गेलेली ओल बाहेर पडत नाही. आणि दिवा थंड होताना आत हवा ओढायला वाट नसते, मग तो जिथं जोड कमजोर असेल तिथून हवा ओढतो. तिथं पाणी उभं असेल तर पाणी ओढतो.

चौथा संशयित, पाण्याचा मारा. लांब पल्ला मारून आलात, हेडलाइट तापलेला, आणि थेट वॉशिंग सेंटरवर जोरदार पाण्याचा फवारा. मघाचा हिशोब आठवा. १० लिटरमधली सव्वा-दीड लिटर हवा थोड्या वेळापूर्वी बाहेर गेलेली आहे. काच अचानक गार केलीत की तेवढी हवा झपकन आत ओढली जाणार. आणि त्या क्षणी ब्रीदरच्या तोंडाशी पाणी आहे. तुंबलेल्या रस्त्यातून कार घातली की फॉग लॅम्पचं हेच होतं. उपाय सोपा: गाडी दहा-पंधरा मिनिटं गार होऊ द्या, आणि फवारा जोडांवर जवळून धरू नका.

पाचवा संशयित, भेग. गाडी पडली होती, कुणीतरी ठोकली होती, वरवर काच ठीक दिसते पण मागची बॉडी तडकलेली असते किंवा काचेचा जोड एका कोपऱ्यात सुटलेला असतो. हे डोळ्यांना दिसत नाही. पण पंक्चरवाला जे करतो तेच आपण करू शकतो. हेडलाइट काढून घ्या. ब्रीदर सोडून बाकी सगळी तोंडं बंद करा. जोडांवर साबणाचं पाणी लावा आणि ब्रीदरला छोटी नळी जोडून तोंडानं हलकेच फुंका. जिथं बुडबुडा, तिथं भेग. आणि हो, फुंकायचं तोंडानंच. कॉम्प्रेसर लावलात तर नसलेली भेग तयार होईल.

वाळवायचं कसं

पाणी सापडलं, वाट सापडली. आता आधी वाळवायचं, मग बंद करायचं. हा क्रम उलटा झाला की ओल आत कोंडली जाते.

बॅटरीची वायर काढा किंवा किमान किल्ली बंद. बल्ब गार झाल्यावर काढा. हॅलोजनच्या काचेला बोट लावू नका. हाताचं तेल लागतं, तेवढा भाग जास्त तापतो आणि बल्ब लवकर जातो. बल्ब स्वच्छ कापडात ठेवा. साचलेलं पाणी बल्बच्या भोकातून ओतून टाका.

मग ऊन असेल तर ऊन. पण जुलैत ऊन कुठून आणणार? तुमच्याकडे घरात किंवा ऑफिसात एसी असेल तर त्या खोलीत हेडलाइट उघडा ठेवा. एसीची हवा कोरडी असते, एका रात्रीत काम होतं. एसी नसेल तर टेबल फॅनसमोर, भोकं फॅनकडे करून. हेअर ड्रायर चालेल, पण कमी उष्णतेवर, वीतभर लांबून, हलवत हलवत. रंग उकलायची हीट गन नको, प्लास्टिक वाकतं.

आत कापड घालून पुसायचा मोह होईल. टाळा. रिफ्लेक्टरवरची चकाकी म्हणजे ॲल्युमिनियमचा अतिशय पातळ थर. एकदा कापड फिरवलंत की चरे, आणि ते परत भरून येत नाहीत. काचेच्या आतून काही गाड्यांत धुकं न धरणारा लेप असतो, तोही थिनर-स्पिरिटनं जातो.

वाळल्यावर भेग बंद करायची. सिलिकॉन घ्या, पण ज्याला व्हिनेगरसारखा आंबट वास येतो ते नको. त्या वासातलं आम्ल रिफ्लेक्टरचा थर आणि वायरची टोकं खातं. दुकानात न्यूट्रल क्युअर मागा, किंवा हेडलाइटसाठीची ब्युटाइलची काळी पट्टी मिळते ती. जागा स्वच्छ, कोरडी करून लावा आणि २४ तास हात लावू नका. ब्रीदर मात्र उघडाच ठेवायचा. त्याचं तोंड सिलिकॉननं बुजवणं म्हणजे सर्दी झाली म्हणून नाकच शिवून टाकणं.

वायरचं टोक हिरवं पडलं असेल तर तेही साफ करून घ्या. तो गंज आहे. दिवा लुकलुकतो, तापतो, एक दिवस कनेक्टर वितळतो.

व्हॉट्सॲपवरचे उपाय

आता जरा त्या फॉरवर्ड होणाऱ्या युक्त्यांकडे येऊ.

"सिलिका जेलची पुडी आत टाका." नवीन बुटांच्या खोक्यात असते ती. वाईट उपाय नाही, पण तात्पुरता. हिशोब बघा. ५ ग्रॅमची पुडी जास्तीत जास्त दीड ग्रॅमच्या आसपास पाणी धरते. कारचा हेडलाइट एका श्वासात दीड लिटर दमट हवा आत घेतो, म्हणजे ०.०५ ग्रॅम वाफ. तीस श्वासांत पुडी भरली. रोज जाऊन-येऊन दोन श्वास धरले तर पंधरा दिवस. त्यानंतर ती पुडी आत नुसतीच बसून राहते. शिवाय सरकून बल्बला टेकली तर वितळते. वाळवताना एका रात्रीपुरती वापरा, सकाळी काढा.

"फोनसारखा तांदूळ भरा." नका हो. तांदळाचं पीठ रिफ्लेक्टरला चिकटतं आणि मुंग्यांना आमंत्रण.

"खाली भोक पाडा, पाणी निघून जाईल." निघेल. आणि त्याच भोकातून पुढच्या खड्ड्यातलं पाणी येईल. पाडलेल्या भोकाला ना वळण असतं ना टोपी. आणि वॉरंटी त्याच क्षणी गेली.

"फेव्हिक्विकनं भेग बुजवा." त्याची वाफ बंद जागेत काचेवर पांढरी भुकटी होऊन बसते. धुकं निदान जातं तरी, ही जात नाही.

"ओव्हनमध्ये तापवून काच वेगळी करा." सराईत लोक करतात. घरच्या ओव्हनमध्ये पहिल्यांदा करणाऱ्याच्या हातात बऱ्याचदा वाकडा हेडलाइट येतो. काही हेडलाइटची काच अशा गोंदानं चिकटवलेली असते की ती तापवूनही सुटत नाही, तुटते.

मग प्रश्न येतो, कंपन्या पूर्ण सीलबंद दिवाच का देत नाहीत? दिला होता. अमेरिकेत १९४० पासून सील्ड बीम आले, काच, रिफ्लेक्टर आणि तार सगळं एकाच बंद गोळ्यात. आत ना ओल ना धूळ. पण तार तुटली की अख्खा गोळा फेकायचा, आणि आकार ठरलेलाच. तिथं वेगळा बल्ब बसवायची परवानगी १९८३ मध्ये मिळाली. त्यानंतर हेडलाइटला हवा तो आकार देता आला, आणि त्याबरोबर झाकणं, जोड, ब्रीदर हेही सगळं आलं. सुंदर, तिरप्या, लांब हेडलाइटची किंमत आपण अशीही मोजतो.

बदलायचा की नाही?

गाडी वॉरंटीत असेल तर काहीही उघडू नका, चिकटवू नका. ते दोन फोटो, वेळेसकट, घेऊन जा. तळाशी साचलेल्या पाण्याचा छोटा व्हिडिओ असेल तर उत्तम. तोंडी "नॉर्मल आहे" म्हणाले तर शांतपणे म्हणा, "जॉब कार्डवर लिहून द्या, की पाणी साचलंय आणि ते नॉर्मल आहे." तोंडी बोललेलं हवेत जातं, कागदावरचं पुढे वॉरंटी मागताना कामाला येतं.

वॉरंटी संपली असेल तर आधी झाकण आणि ब्रीदर बघा. रबरी टोपीला फार पैसे पडत नाहीत, आणि बऱ्याचदा दोष तेवढाच असतो. रिफ्लेक्टर काळा पडलाय, त्याचा थर सोलतोय, तर मात्र वाळवून उपयोग नाही. उजेड परत येणार नाही, बदलावा लागेल. एलईडीचा हेडलाइट सीलबंद असेल आणि आतल्या सर्किटला पाणी लागलं असेल तर तो दुरुस्त करणारे कारागीर आता शहरांत मिळतात. नवीन घेण्याआधी एकदा विचारून बघा, कारण नवीन एलईडी युनिट खिशाला जड जातं.

आणि खडवलीसारख्या ठिकाणी, जिथं बाइक दिवसभर उघड्यावर असते, तिथं रोजच्या तीन सवयी पुरतात. एक, शक्य असेल तर पत्र्याखाली, नाहीतर निदान पागोळीच्या धारेखाली येणार नाही अशी लावा. दोन, कव्हर घालत असाल तर जमिनीला टेकेपर्यंत घट्ट नको, खालून हवा खेळू द्या. नाहीतर जमिनीची ओल आत कोंडते. तीन, रात्री निघताना दोन मिनिटं गाडी सुरू ठेवून पुढे जाऊन काच बघा. धुकं असेल तर पहिले काही किलोमीटर वेग कमी. ते विरायला वेळ लागतो आणि तेवढा वेळ तुम्हाला कमी दिसतंय, हे लक्षात असू द्या. घरी पाच मिनिटं उशिरा पोचाल, लोकलनं तर त्याहून जास्त उशीर आधीच केलेला असतो!

आज रात्री एक काम करा. गाडी भिंतीपासून तीन-चार पावलांवर लावा, लो बीम टाका आणि भिंतीवर पडलेल्या उजेडाचा फोटो काढा. वरची कड स्पष्ट दिसतेय की पसरलीय, एवढंच बघा. पसरली असेल तर काच आतून बघा. मागचा दिवा बघायला घरातल्या कुणाला तरी उभं करा आणि ब्रेक दाबा. फोटो आम्हाला पाठवा, पुढच्या भागात त्यातल्या काहींवर बोलू. पुढचा विषय ठरलाय: पावसाळ्यात दुचाकीचे ब्रेक का ओरडतात.

तोवर हळू चालवा, काळजी घ्या. भेटू.